मिलिंदला बसव

आमच्याकडं बास्केटबॉल कुणी मागितला नव्हता. धाराशिव म्हणजे खो-खो. पोरगं नीट चालायला लागलं की आधी दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायला शिकतं, अशा गावात लोखंडी कड्यात चेंडू टाकत बसणं हे रिकामटेकड्याचं लक्षण. पण कॉलेजला कुठल्याशा योजनेतून दोन खांब आणि दोन फळ्या मिळाल्या, त्या मैदानाच्या कडेला मुरमात रोवल्या गेल्या, आणि खो-खोच्या संघात ज्यांची वर्णी लागली नाही अशी आम्ही पोरं माने सरांनी त्या खांबांखाली आणून उभी केली. माने सर स्वतः खो-खोचेच. 'पास', 'ड्रिबल' असले शब्द त्यांना येत, पण ते उसने घेतल्यासारखे जपून वापरायचे. रंगात आले की बचाव करणारा 'पळणारा' व्हायचा, आणि चेंडू दे म्हणायच्या ऐवजी 'अरे खो दे, खो दे' असं ओरडायचे. पाहुण्या संघांना हसू यायचं. आम्हाला त्यांचं सगळं बोलणं कळायचं. निदान मी तसं धरून चाललो होतो. मी कप्तान होतो, मला कळायलाच हवं होतं.

तेव्हा आम्ही बसस्टँडमागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. वडील कोर्टात कारकून, मूळचे येडशीचे; घरी बोलणं कमी. मीही त्यांच्यावर गेलो, असं आई म्हणायची. घराचा आवाज म्हणजे आईचा. पहाटे भाकरी थापल्याचा, मग हापशाचा, मग रेडिओचा, आणि त्या सगळ्यावर बसूच्या चेंडूचा. बसवराज, म्हणजे बसू, मुरूमचा. त्याच्या वडिलांची तिथं आडत होती आणि माझ्या वडिलांशी जुनी ओळख, म्हणून पोरगं शिकायला आमच्या घरी ठेवलेलं. तो अंगणातल्या शहाबादी फरशीवर चेंडू आपटत राहायचा, आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून 'आता मेलं ते भोपळं फोडतूस का माझ्या टकुऱ्यात' असं म्हणायच्या. मुरूमहून त्याची आई फडक्यात बांधून कडक भाकरी आणि शेंगांच्या पोळ्या पाठवायची. आमची आई त्या डब्यात ठेवून त्याला एकेक काढून द्यायची, मला अर्धी. मला त्याचा राग यायचा का? आठवत नाही. यायला हवा होता असं आता वाटतं, म्हणजे पुढचं सोपं झालं असतं.

आमच्या संघाचं त्या हंगामाआधीचं चित्र असं होतं. कळंबचे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, बचावाला. एकमेकांशी घरून भांडून आलेले असत, पण चेंडू आला की एकमेकांशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. अजहर उडी मारायचा तर घारीसारखी, फक्त उडी मारल्यावर चेंडूचं काय करायचं हे त्याला खाली येईपर्यंत सुचत नसे. चेंडू पुढं नेणारा मी. आणि कड्याखाली मिलिंद. मिलिंद तेरचा. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी; तो रोज सकाळच्या एसटीनं यायचा आणि उतरला की थेट मैदानावर. त्याच्यासारखा खेळाडू आमच्या कॉलेजात परत झाला की नाही मला माहीत नाही, मी बघायला गेलो नाही. त्याच्या हातात चेंडू गेला की आम्ही बाकीचे परत फिरायला लागायचो, कारण तो आत जाणारच. त्या वर्षी लातूरला विभागीय सामने होते, आणि तिथं विद्यापीठाचा संघ निवडणारे येऊन बसणार होते. विद्यापीठाकडून खेळला की पोलीसभरतीत खेळाडूंच्या जागेतून नंबर लागेल, हे मिलिंदनं स्वतःच्या मनाशी आणि त्याच्या घरच्यांनी गल्लीत पक्कं करून टाकलं होतं. "खाकी शिवून ठेवा म्हणलंय आईला," तो म्हणायचा. "माप मोठं घ्या म्हणलंय, लातूरला पोलीस ट्रेनिंगच्या मेसचं खाऊन फुगणार हाय."

बसू सहावा. तो लांबून मारायचा, आणि त्याचा चेंडू कड्याच्या उजव्या कडेला लागून बाहेर जायचा. रोज, तिथंच. इथं एक सांगायला हवं, जे आम्हाला तेव्हा कळलं नाही: आमची दोन्ही कडी जराशी डावीकडं कलली होती. आम्ही सगळे त्या कलत्या कड्यांवर शिकलो, हात तसेच वळले. बसू मुरूमला शाळेत सरळ कड्यावर शिकून आलेला, त्याचा हात वळेना. आम्ही त्याला हसायचो. "नाव बसू अन् काम बी बसू," कळंबचा थोरला म्हणायचा. बसू चिडायचा नाही. "हौदा?" असं मुरूमकडचं कानडीतलं 'असं व्हय?' विचारायचा आणि परत चेंडू उजव्या कडेला मारायचा.

मग सामन्यांच्या आठवड्याभर आधी मिलिंदचा घोटा मुरगळला. सुजला, हळद-मिठाचा लेप झाला, सूज उतरली. तो चालायला लागला, जरासा लंगडत; मग न लंगडता, पण कुणी बघत असेल तर जास्तच न लंगडता. इथून सगळं डळमळीत झालं. माने सर काही बोलेनात. नुसते त्याच्या पायाकडं बघायचे आणि तंबाखू मळायचे.

निघायच्या आधी आईनं सगळ्या संघाला जेवायला बोलावलं. येसराची, म्हणजे भाजलेल्या पिठा-मसाल्याची आमटी होती, धपाटी होती, वर दही. आई मिलिंदला फार आग्रह करायची, इतरांपेक्षा अंमळ जास्तच. ताट सगळ्यांचं सारखं, पंगत सारखी, पण वाढताना एकदा तरी विचारायचीच, "तुमच्यात चालतंय ना रं हे?" येसर तर तेरलाही घरोघर होतं. मिलिंद म्हणाला, "आमच्यात समदं चालतंय मावशी. फकस्त उपाशी ऱ्हायाचं चालत न्हाय." सगळे हसले, आईही हसली, आणि तिनं त्याला आणखी एक धपाटं वाढलं. मी हसलो की नाही ते आठवत नाही. त्या प्रश्नात काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. कळत होतं.

"मग आमच्या बसूला खेळवताव का न्हाय?" आईनं पंगतीतच विचारलं.

"सर ठरवतेत," मी म्हणालो.

"सर ठरवतेत अन् कप्तान काय आमटी भुरकतंय व्हय?" आई म्हणाली. "त्येच्या आईला काय सांगू म्या? वरीसभर हितं नुसतं फरशी फोडलं म्हणून?"

"मावशी, माझा पाय बरा हाय बरं का," मिलिंद म्हणाला, धपाट्याचा घास हातात तसाच धरून. "उगं बसूच्या आईसाठी माझा पाय मोडू नका." परत हसू. बसू खाली मान घालून जेवत होता. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "एकदाच रे. एक सामना. बाबांना सांगितलंय म्या खेळणार म्हणून." एवढंच. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सरांना घरून निरोप आला. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, सोलापूरला दवाखान्यात नेलं होतं, ऑपरेशन होतं. सर लातूरला येणार नव्हते. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. एसटी लागलेली, माणसं खिडक्यांतून टॉवेल टाकून जागा धरत होती, इंजिन सुरू. सर खिडकीशी बसले. त्यांचा चेहरा सोलापूरलाच गेलेला होता. मी खालून विचारलं, "सर, पाच जण कोण?" गाडी हलली. सरांनी तोंड बाहेर काढलं, तोंडात तंबाखू, आणि म्हणाले, "मिलिंदला बसव. घाई करू नको." आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

मी घरी येईपर्यंत ते शब्द सरळ होते. मिलिंदला बसव, म्हणजे बाकावर बसव, पाय कच्चा आहे, घाई करू नको. गल्लीच्या तोंडाशी पोरं खो-खो खेळत होती. आठ जण ओळीत उकिडवे, एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं. तिथं मी थांबलो. खो-खोत जो बसतो तोच संघात. बसलेल्यालाच खो मिळतो, तोच उठून धावतो. बाहेरचे असतात ते उभे राहून बघतात. मी कॉलेजात येण्याआधी शाळेकडून तीन हंगाम खो-खो खेळलो होतो, आणि माने सर कॉलेजच्या खो-खोच्या पोरांशी नेहमी असंच बोलायचे: चौथ्या जागेवर अमक्याला बसव, खांबाशेजारी तमक्याला बसव. बसव म्हणजे घे. आणि घाई करू नको म्हणजे? चेंडू त्याच्याकडं लगेच देऊ नको, त्याला दमानं खेळव, असं? की त्याला मैदानात उतरवायची घाई करू नको? मी तिथं उभा राहून त्या पाच शब्दांना उलटंपालटं करत राहिलो. दोन्ही बाजूंनी बसायचे. सोलापूरला दवाखान्यात फोन लावता आला असता; कॉलेजच्या ऑफिसात फोन होता, कारकुनाला विनवलं तर लावू द्यायचा. मी लावला नाही. ऑपरेशनच्या वेळी कशाला त्रास द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण आजही खोटं वाटत नाही, हीच अडचण आहे.

लातूरच्या मैदानावर, सामन्याआधी, मी सगळ्यांना गोळा केलं. मी जे बोललो ते शब्दशः असं: "सरांनी मिलिंदला बसवायला सांगितलंय." एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पण बोलताना मी मिलिंदच्या घोट्याकडं बघितलं.

ते बघणं मला आठवतं. ते आपसूक झालं की केलं, हे मी कितीही खोदलं तरी कळत नाही. आतल्या आत आणखीही काही होतं. विद्यापीठाला आमच्यासारख्या कॉलेजातनं उचलला तर एखादाच उचलतील, असं सगळे म्हणत होते. मिलिंद खेळला तर तो एखादा कोण, हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं. मग बसूची आई, माझी आई, आईचा तो प्रश्न, सरांचा तोंड भरलेला आवाज. यातल्या कशानं माझी नजर खाली नेली? मी वकील नाही, पण कारकुनाचा मुलगा आहे. पुरावे लावून बघतो आणि प्रत्येक वेळी निकाल वेगळा येतो.

मिलिंदनं विचारलं मात्र. सरळ विचारलं. "बसव म्हंजी? आत का भाईर?"

मला तोंड उघडायला हवं होतं. कळंबचा थोरला म्हणाला, "भाईरच की बे. पाय बघ की सोताचा." मिलिंद माझ्याकडं बघत राहिला. सरांच्या तोंडचं मी ऐकलं होतं, बाकी कुणी नाही. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी बांधलेलीच होती.

"बरं," मिलिंद म्हणाला. "सर म्हणले तर सर म्हणले." मग त्यानं बसूच्या पाठीवर थाप मारली. "जा रं मुरूमकर. तुझ्या आईच्या पोळ्या फेडून ये."

त्या सामन्यात आमचा एकही चेंडू आत जाईना. लातूरची कडी सरळ होती, आमचे हात वाकडे. अजहरचा डावीकडं, माझा डावीकडं, धाकट्याचा डावीकडं. मिलिंद बाकावरून ओरडत होता, "उजवीकडं घ्या, उजवीकडं घ्या ना ल्येकहो," त्याला ते पहिल्या काही मिनिटांतच दिसलं होतं. आणि बसूचे जात होते. लांबून, जाळीला नुसता सर्र आवाज करत, एकामागून एक. आम्ही हरलो, पण निवडणाऱ्यांनी बसूचं नाव विचारून घेतलं. तो विद्यापीठाकडून खेळला, खेळाडूंच्या जागेतूनच पुढं नोकरीला लागला, आणि आजही दिवाळीला माझ्याकडं मुरूमच्या पोळ्या घेऊन येतो. मग मी म्हणतो, बरोबरच झालं की. मग वाटतं, मिलिंदला तर ती कडी बाकावरून दिसली होती. तो आत असता तर?

सर परत आले. मैदानावर मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, "मिलिंद?"

"पाय," मी म्हणालो.

"हां," सर म्हणाले, आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. ते 'हां' असं होतं, की 'हां?' असं, की निराशेनं सोडलेला नुसता श्वास, मी इतक्या वर्षांत किती आवाजांत म्हणून बघितलं असेल. बायको विचारते, कुणाशी बोलताय.

मिलिंद त्या महिन्यापासून मैदानावर यायचा बंद झाला. पोलीसभरतीत छातीत मार खाल्ला, म्हणजे माप कमी भरलं. खेळाडूंच्या जागेत ते चाललं असतं की नाही, मला माहीत नाही, त्यालाही नाही. नंतर तो शिक्षक झाला, कळंब तालुक्यातल्या शाळांवर नोकरी केली, तेरला घर बांधलं. आम्ही भेटायचो, लग्नाकार्यात, बाजारात. मनमोकळा बोलायचा. फक्त सरांचा विषय निघाला की दुसरं काही काढायचा. मला वाटायचं योगायोग. सर गेले तेव्हा मी त्याला फोन केला. "शाळेत तपासणी हाय रे," तो म्हणाला. "जमायचं न्हाय." सरांचा सगळा जुना संघ आला होता, कळंबचे दोघे, अजहर, मुरूमहून बसू. मिलिंद आला नाही, आणि मी चितेपाशी उभा असताना मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की त्यानं ही सगळी वर्षं सरांचा राग धरला होता. माझा नाही. सरांचा. जो राग मला मिळायला हवा होता, तो मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर ठेवला आणि निवांत राहिलो.

तरी मी लगेच सांगितलं नाही. तेही लिहून ठेवतो.

यंदा उन्हाळ्यात तेरला गेलो. मिलिंद निवृत्त होऊन घरीच असतो. वहिनींनी चहा ठेवला, आणि मी कप हातात घ्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं: स्टँड, खिडकी, सरांचे पाच शब्द, गल्लीतली पोरं, घोटा, नाडी. त्यानं बशी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला, "म्हंजी सर आत म्हणले का भाईर?"

"कळलं नाही. आजही कळत नाही."

"अन् इच्यारलं बी न्हाईस."

"नाही."

"सर गेले तवा म्या तपासणी म्हणलो. तपासणी नव्हती."

"माहीत होतं मला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं त्या दिवशी लातूरला बघितलं होतं. "माहीत होतं? तरी गप ऱ्हायलास? अरे, पोलीस झालो असतो का नसतो ते जाऊ दे मसणात. मास्तरकी बरी झाली. पण म्या त्येंच्या मातीला गेलो न्हाय रे. वाटेत दिसले तर रस्ता बदलला म्या. एकदा माझ्या शाळेच्या दारात आले होते, पोरांचा खेळ बघाया. म्या आत बसून ऱ्हायलो, शिपायाला म्हणलं सांग न्हाईत म्हणून. आता हा राग घेऊन कुठं जाऊ मी? तुझ्यावर करू? तुझ्यावर तर येत बी न्हाय, कुत्र्या. सवयच न्हाय."

  वहिनी दारात येऊन परत आत गेल्या. चहावर साय आली.

थोड्या वेळानं तो उठला. खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं चुकीची लावली, परत काढून नीट लावली. "सरांच्या बाई कुठं असतेत आता?"

"येडशीला. लेकाकडं."

तो बाहेर गेला आणि मोटारसायकल काढली. किक मारून तशीच गुरगुरत ठेवली. मी उंबऱ्यात उभा. तो माझी वाट बघतोय की इंजिन तापायची, हे मला उमगेना. मग मी विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा असेल, "मी येऊ का?"

"येऊन काय करणार?" त्यानं मागं न बघता विचारलं. "बाईला सांगशील का हे समदं? माझ्यासमोर?"

"सांगतो."

तो टाकीकडं जरा पुढं सरकला. माझ्यासाठी जागा केली की गाडीचा तोल सावरला, हे मी नक्की सांगू शकत नाही. मी मागं टांग टाकली.